अहो-जाहो

“संपतराव, चहा घ्या,” वसंता मिस्त्री म्हणाले आणि भारतकडे वळून खेकसले, “अन् तू काय बघून राह्यला, गाढवा? तार सरळ कर जल्दी!”

भोकरदनच्या त्या दुकानात जळालेल्या पाण्याच्या मोटारींत नवी तार भरून देत; दोघंही तिथं शिकाऊ होते. त्याआधी आयटीआय करून दोघंही घरी बसलेले. शिकाऊपणाचं वर्ष आता संपत आलं होतं आणि मिस्त्री एकालाच कायम ठेवणार होते. दुसऱ्यानं पुन्हा घरच्यांची बोलणी खात बसायचं. तो दुसरा कोण, हे भारतला दिसतच होतं.

वर्षभर शिव्या त्यानंच खाल्ल्या होत्या. एक वेढा सैल निघाला, की मिस्त्री अख्खी मोटार उसकटून त्याला परत भरायला लावत. संपतचं काम ढिलं निघालं तर स्वतःच मुकाट्यानं नीट करत. वर, “अहो, दमला असाल.” जावई होता का हा यांचा? भारतला घास गोड लागेना.

दुपारी संपत हात धुवायला गेला. त्यानं भरलेली मोटार चाचणीसाठी टेबलावर तयार होती. भारतनं ब्लेड घेतलं, आतल्या तारा एकमेकींना चिकटून जळू नयेत म्हणून असलेलं वॉर्निश खरवडलं आणि वर बांधलेला दोरा होता तसा बसवला. मग पाणी प्यायला तो मागच्या घरात गेला. मिस्त्रींची बायको गिरिजाबाई भाकरी थापत होती.

“काकू, उस्तादांचा सगळा जीव संपतवरच हाये,” त्याला राहवलं नाही.

काकू हसली. “येडा का खुळा तू? ज्याला ठेवायचं न्हाई, त्यालाच ते अहो-जाहो करतेत. पाव्हण्याला कोण शिव्या देतं? तुला ठेवायचं तर त्यांचं कवाच ठरलंय.”

भारतनं तांब्या तसाच टाकला आणि पळत दुकान गाठलं.

जळक्या तारेचा वास दारापर्यंत आला होता. मिस्त्रींनी मोटार खोलली होती. खरवडलेल्या तारेवर त्यांचं बोट होतं. शेजारी संपत रडकुंडीला आलेला.

“संप्या, गाढवा!” मिस्त्री त्याच्यावर कडाडले. “मोटार अशी उघडी टाकून जातेत का? चल, नवी तार काढ! पुन्हा भर पहिल्यापासून!”

मग त्यांनी मान वळवली. आवाज एकदम मऊ झाला.

“या, भारतराव. बसा.”