बारावी टाचणी

डबीत टाचण्या अकराच भरल्या.

थोरलीने त्या पुन्हा तळहातावर ओतल्या आणि एकेक बाजूला सारत मोजल्या. अकराच. डबीच्या झाकणावर आईने खिळ्याने कोरलेला बाराचा आकडा होता. लहान मुलाचं काही शिवायचं तर आधी टाचण्या मोजायच्या, शिवून झालं की परत मोजायच्या, मगच कापड दुसऱ्याच्या हातात द्यायचं. चाळीस वर्षं लोकांच्या बाळांची झबली-दुपटी शिवणाऱ्या आईचा हा एकच कडक नियम. थोरली नवशिकी. तिने दुपटं आधी दिलं आणि टाचण्या आत्ता मोजल्या.

आतल्या खोलीत धाकट्या बहिणीचं अठरा दिवसांचं बाळ त्याच दुपट्यावर झोपलं होतं.

"बाळाला उचल," थोरली दारातून म्हणाली.

आत्ता कुठे त्याचा डोळा लागलाय, धाकटी कुजबुजली. बारा वाजता हे गाडी घेऊन येतील, तोवर मलाही जरा पाठ टेकू दे. मग तिने ताईचा चेहरा पाहिला. थोरलीने कारण सांगेपर्यंत धाकटीने बाळ उचललंही होतं. खिडकीपाशी नेऊन तिने त्याचे कपडे उतरवले, पाठ पाहिली, मांड्या पाहिल्या, मानेच्या वळ्या बोटाने उकलून पाहिल्या. कुठे ओरखडाही नव्हता. बाळाने मात्र घर डोक्यावर घेतलं.

थोरलीने आधी जमीन धुंडाळली. गुडघ्यांवर बसून, तळहात फरशीला सपाट लावून, मशीनच्या पायापासून दारापर्यंत. सकाळचा केर पुन्हा उपसला. स्वतःच्या ओढणीचे काठ चाचपले. टाचणी नव्हती. म्हणजे ती दुपट्यातच होती.

"तरी मी म्हणत होते, विकतचं घेऊ," धाकटी बाळाला थोपटत म्हणाली. "बटण लावायला दिलं तर शर्ट हरवून येणारी तू, ताई."

दुपटं म्हणजे शिवणकामातला अगदी पहिला धडा. दोन कापडं, मध्ये मऊ अस्तर, चारी बाजूंनी सरळ शिवण, मग उलटवून वरून धावदोऱ्याच्या रांगा. आईने नऊ रांगा घातल्या आणि दहाव्या रांगेच्या मध्यावर सुई तशीच खोचून ती इस्पितळात गेली, ती परत आलीच नाही. दोन महिन्यांनी थोरलीने ती सुई तिथूनच उचलली. पुढचं सगळं तिचं. कुठे टाका तांदळाएवढा, कुठे बोटभर.

तिने दुपटं टेबलावर पसरलं, डोळे मिटले आणि स्वतःच्या रांगांपासून सुरुवात केली. टाचणीचं डोकं म्हणजे मोहरीएवढा काचेचा मणी. जोर लावून दाबलं तरच लागेल. एकेक इंच दाबत ती टोकापर्यंत गेली, तशीच परत आली. काही लागलं नाही. पावणेबारा झाले होते.

"आईच्या बाजूला नसणारच," धाकटी म्हणाली. "आणि तिथलं काही उसवायचं नाही हं. त्याला आजीच्या हातचं तेवढंच आहे."

बाळ भुकेने लाल झालं होतं. त्याला पाजायला ती आत गेली आणि दार लोटून घेतलं.

थोरलीने आईच्या बाजूवरून हात फिरवला तो नुसता खात्रीसाठी. अगदी काठाशी, पहिल्या आणि दुसऱ्या रांगेच्या मध्ये बोट थांबलं. तिने ते उचललं आणि पुन्हा ठेवलं. मणी तिथेच होता.

तिने चिमटीत धरून टाचणी सरकवली. टोक कापडातून सहज वर आलं, अर्धं बोट लांब, लखलखीत. मणी मात्र अडला. ओढला असता तर कापड फाटलं असतं. दुपटं उलटवताना आत राहून गेली असावी. आई शेवटी मोजायची. या खेपेला ती शेवटापर्यंत पोचलीच नव्हती.

खाली गाडीचा हॉर्न वाजला.

थोरलीने छोटी कात्री घेतली. काठ दोन बोटं उसवला. पहिल्या रांगेतला पहिला टाका कापायला तिला फार वेळ लागला. पुढचे सात तिने न थांबता कापले. फटीतून मणी धरून टाचणी ओढून काढली आणि डबीत टाकली.

"सापडली का गं?" आतून आवाज आला.

"सापडली."

"कुठे होती?"

"माझ्याच रांगेत."

"वाटलंच मला," धाकटी म्हणाली, आणि कितीतरी वेळाने तिच्या आवाजात हसू आलं.

थोरलीने आईचीच सुई ओवली, आईच्याच रिळातल्या दोऱ्याने. कापडावर जुनी भोकं अजून दिसत होती. एकातून खाली, पुढच्यातून वर. आठ टाके. मग काठ. हॉर्न पुन्हा वाजला तेव्हा ती गाठ मारत होती. तिने दोरा दातांनी तोडला.

धाकटी बाळाला खांद्यावर टाकून बाहेर आली. एका हाताने दुपटं उचलून तिने खिडकीशी धरलं. थोरलीच्या वाकड्यातिकड्या रांगांवरून तिचं बोट भराभर गेलं, मग आईच्या रांगांवरून सावकाश, थेट काठापर्यंत. तिथे ते थांबलं.

"बघ ना ताई," ती म्हणाली, "आईचा टाका लगेच ओळखू येतो."

तिचं बोट त्या आठ टाक्यांवर होतं.

थोरलीने मान हलवली आणि डबीतल्या टाचण्या पुन्हा मोजायला घेतल्या.