दहावा माणूस

सिनेगॉगमध्ये नऊ जण आले होते. दहावा आला की कपाटाचा पडदा सरणार आणि चामड्यावर हाताने लिहिलेली ग्रंथाची गुंडाळी बाहेर येणार. दहा पुरुषांशिवाय ती उघडून वाचायची नाही, असा ज्यूंचा नेम.

मागच्या खुर्चीवर एक मुलगी रेकॉर्डर चालू करून बसली होती. ज्यू अध्ययनात एम.ए.; प्रबंधाचं शेवटचं प्रकरण या वाचनावरच. बुधवारी जमा करायचा होता. "सभेतलं वाचन ऐकल्याशिवाय मी सही करायचा नाही," असं सरांनी बजावलं होतं.

तिला स्कूटरवरून सोडायला आलेल्या बाबांनी दारातूनच विचारलं, "एक माणूसच कमी आहे ना? मी बसतो की."

वाचन करणारे शिंपीकाका हसले. "बसा हो. पण मोजता नाही यायचं. आमच्यातलाच लागतो."

"मग मी बाहेरच बरा. सकाळचं चालणंही राहिलंय," म्हणत बाबा गेले.

प्रार्थना पुटपुटून झाली. वाचनाची वेळ आली आणि सगळे थांबले. बाहेर पावलं वाजली. माना दाराकडे वळल्या. पावलं पुढे निघून गेली.

बऱ्याच वेळाने सगळ्यांत थोरल्या आजोबांनी खांद्यावरची प्रार्थनेची शाल काढून घडी केली. मग एकेकाने केली.

ती शिंपीकाकांजवळ गेली. "काका, घरी सराव करता ना? तसंच इथे म्हणा ना. तेवढं रेकॉर्ड करून घेते."

"म्हणतो की. तुझ्यासाठी दोनदा म्हणतो. पण त्याच्यावर लिहिशील काय? सभेत वाचलं म्हणून?"

मग तिने विचारलं, "शेवटचं वाचन कधी झालं?"

"घड्याळवाले काका दहावे होते तेव्हा. त्यांना जाऊन झाली की बरीच वर्षं."

"आणि तुम्ही अजून दर आठवड्याचा भाग बसवता?"

"बसवावाच लागतो. गुंडाळीत चाल लिहिलेली नसते. बायको म्हणते, आता आपल्या भिंतीसुद्धा चुकायच्या नाहीत." त्यांनी चष्मा सदऱ्याला पुसला. "अगं, दहावा आला आणि मलाच आलं नाही, तर?"

ती बाहेर आली. बाबा पायरीपाशी उभे होते. "मिळालं का गं?"

"वाचन नाही मिळालं. जे मिळालं तेच सरांना ऐकवणार." तिने बटण दाबलं. बाबांनी कान जवळ नेला.

शांतता. कुणाचा तरी खोकला. मग लांबून चपला, चट् चट् चट्, जवळ येत येत. आणि एकदम सगळ्या खुर्च्या करकरल्या. चपला लांब गेल्या. खुर्च्या हळूच पुन्हा टेकल्या. थोड्या वेळाने परत चपला. परत सगळ्या खुर्च्या.

बाबांनी आपल्या पायांकडे पाहिलं.

स्कूटर दारापलीकडे, गल्लीच्या टोकाला होती. आत अजून कुणी कुणी बसलेलं होतं. बाबांनी चपला काढून हातात घेतल्या आणि त्या दारावरून ते अनवाणी गेले.