लहान जोडी

फोनवरच्या पोकरमध्ये रंजीताच्या हाती दोन पंज्या आल्या आणि तिचं बोट चुकून 'रेज'वर, म्हणजे रक्कम वाढवण्यावर पडलं.

हा फोन तिच्या वडिलांचा, लटारूंचा होता, टेबलावरचं नावही त्यांचंच. आणि लटारूंनी असं कधीच केलं नसतं. लहान जोडी आली की ते गुपचूप कॉल करत, लागेल तेवढीच रक्कम लावत, आणि स्वस्तात टेबलावरची पहिली तीन पानं बघत. त्यांत तिसरी पंजी निघाली तर ठीक, नाहीतर पत्ते टाकून मोकळे. "जोडी हाये म्हनून तिच्यात जीव नाई लावाचा," असं त्यांनी तिला शिकवताना सांगितलं होतं.

फोनवरच्या टेबलावर समोर हेमराजकाका होते. लटारूंचे तरुणपणापासूनचे दोस्त. आता ते या रेजबद्दल विचारणार, असं तिला वाटलं.

हेमराजकाकांनी पत्ते टाकले. टाकताना उघडे करून दाखवायची त्यांची खोड होती, तसे दाखवलेही. दोन छक्क्या. टोमणा मात्र लिहिला नाही.

चॅटमध्ये लहानूकाकांचे शब्द उमटले. "लटारू, आज अंगात वारं शिरलं काय रे?"

"बोट घसरलं," तिने लिहिलं.

"चष्मा बदलव मंग. धान अन् तांदूळ एकच दिसन तुले."

लटारू मूल गावातल्या एका राइस मिलमध्ये वजनकाट्यावर होते. ते दिवाळीआधी गेले. तेरवीच्या दिवशी लहानूकाकांनी, म्हणजे त्यांच्या तिघांतल्या तिसऱ्या दोस्ताने, रंजीताला अंगणात बाजूला घेतलं होतं. वनरक्षकाची नोकरी संपून वर्षं झाली तरी ते हलक्या आवाजातच बोलत, जंगलात बोलतात तसे.

"हेमराजले कळू देऊ नको बाई. लकव्यानं त्याचं बोलनं गेलं. एका हातानं फोन तेवढा चालवते. रविवारच्या डावावर जगून राह्यला तो."

"मंग मी काय करू, काका?"

"बापाच्या जागी बस. तुले तर खेळता येते."

"अन् दुसऱ्या कोनाकडून समजलं तर?"

"मोहर्लीले त्याच्या घरी मीच जातो-येतो. टेबलावरच्या बाकीच्यायले तंबी देतो. डावात डावाचंच बोलाचं."

हा खेळ मोहर्लीहूनच आला होता. हेमराजकाका ताडोब्यात सफारीची जिप्सी चालवत. रिसॉर्टवरच्या एका पाहुण्याने त्यांना तो शिकवला, त्यांनी या दोघांना. पुढे सहा जणांचं फोनवरचं टेबल झालं. खेळातल्या चिप्स नुसत्या नावाच्या, खरे पैसे लहानूकाका सणासुदीला ज्याचे त्याला पोचवत.

आता दर रविवारी दुपारी लटारूंच्या नावापुढे हिरवा ठिपका लागे. आई स्वयंपाकघरातून येऊन तो बघे आणि परत जाई.

रंजीताला हे सोसत नव्हतं. भेटायला आलेले लोक दोन शब्द बोलून गेले होते. वडिलांसाठी तिच्याइतकं रडू शकेल असा एकच माणूस उरला होता, आणि त्यालाच ती 'मजेत हाओ' असं लिहीत होती.

त्यात हेमराजकाकांचा खेळ बदलला होता. पूर्वी ते जोडी सोडतच नसत. दोन दुर्र्या घेऊन शेवटच्या पानापर्यंत जात, हरत, आणि वर लटारूंनाच भित्रा म्हणत. आता जोडीला जुळणारं तिसरं पान दिसलं नाही की लगेच पत्ते टाकत. शिस्तीत. एक टोमणा नाही, शिवी नाही.

माणूस हातातून सुटत चाललाय, असं तिला वाटलं. त्याच्या दोस्ताचं जाणं त्याला न सांगता त्यालाही जाऊ द्यायचं, हे तिला जमणार नव्हतं. त्या रविवारचा डाव संपल्यावर तिने लहानूकाकांना फोन केला.

"मी मोहर्लीले जाऊन राह्यली, काका."

"काऊन?"

"सांगून टाकतो. त्यायच्या मनात काहीतरी आलं हाये. खेळ पाहा ना त्यायचा."

"बिमार मानूस तसाच खेळन."

"म्हनूनच उशीर नाई कराचा."

"होळी होऊ दे. मी येतो संगं."

"संक्रांतीलेबी तुमी हेच म्हनलं."



"टेबल मोडन ना बाई," लहानूकाका म्हणाले. त्यांचा आवाज फुटला. तेरवीलाही तो फुटला नव्हता.

पुढच्या रविवारी सकाळी ती निघाली. चंद्रपूरला गाडी बदलली. वाटभर ती एकच वाक्य जुळवत होती. आधी हात धरायचा, मग सांगायचं. ते बोलू शकणार नव्हते, म्हणून नंतरचंही तिलाच बोलावं लागणार होतं. वडिलांचे शेवटचे दिवस, मिलवरच्या गोष्टी, त्यांनी काढलेली हेमराजची आठवण. मोहर्लीत उतरली तेव्हा गेटकडे दुपारच्या जिप्सी रांगेत लागत होत्या.

हेमराजकाकांच्या ओसरीवरची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. त्यांचा मुलगा पियुष पायरीवर बसला होता. हातातल्या फोनवर हिरवं टेबल उघडलेलं. तिला पाहून तो गडबडीने उठला.

"तू पियुष ना? मी मूलची रंजीता. काका कुठी?"

तो दारातून बाजूला झाला. आतल्या भिंतीवर हेमराजकाकांचा फोटो होता. त्याला चंदनाचा हार.

रंजीता उंबऱ्यातच थांबली. पियुषने फोन पाठीमागे नेला आणि खाली मान घालून म्हणाला, "ताई, बाबा गेले हे घरी बोलू नका. लहानूकाका म्हनते, लटारूकाकाची तब्येत लय नाजूक हाये, त्यायले हे सहन होनार नाई."