उशीला टोचलेली पिन

टॉवेलची घडी घालून केलेला हत्ती, सोंड वर.

छातीवर नावाची पट्टी नसलेला माणूस.

"तिजोरी म्हणजे चोराला पत्ता लिहून दिल्यासारखं, वहिनी."

बुटाच्या नाडीने दुहेरी गाठ मारलेली कापडी पिशवी.

एक सेफ्टी पिन. कुणाची, माहीत नाही.

हे सगळं आता एका खोलीत आणू या. जहाजावरची खोली, एवढी अरुंद की एकीने साडी नेसायला घेतली तर दुसरीने पाय पलंगावर घ्यायचे. शेवटच्या दिवसाची सकाळ. गोल खिडकीतून बंदर दिसायला लागलंय. धक्क्यावर भाची येणार आहे आणि पिशवीतल्या बांगड्या तिच्या हातात घालायच्या आहेत. डोकं ठिकाणावर आहे तोवर आपल्या हाताने देऊन टाकायच्या, असं आत्याने ठरवलं होतं. डोक्याचं तिने चेष्टेत म्हटलं होतं. म्हणजे, तेव्हा चेष्टेत.

वहिनीने कपाटातल्या तिजोरीचे आकडे टुकटुक दाबले, आपली साखळी नि पासपोर्ट बाहेर काढले आणि कमरेवर हात ठेवून वळली.

"चला वन्सं, तुमचा खजिना काढा. कुठे पुरलाय?"

आत्याने उशी जवळ ओढली आणि अभ्र्यात कोपरापर्यंत हात घातला.

वहिनी मटकन पलंगावर बसली. "उशीत? अहो, अभ्रे रोज बदलतात इथे!"

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. नाही तर तुमच्या डोक्याच्या तेलाने एव्हाना त्यावर जगाचा नकाशा काढला असता. बघा की जरा."

आत्याने पाहिलं. अभ्रा पांढराशुभ्र. इस्त्रीची घडीसुद्धा अजून दिसतेय. आजवर तिने पाहिलंच नव्हतं. ती रोज हात घालून चाचपायची, तेही दुसरीकडे बघत. लपवलेल्या वस्तूकडे आपण डोळ्यांनी पाहिलं की चोराला कळतं, असा तिचा हिशेब.

हाताला पिशवी लागली. गाठ लागली, तिनेच मारलेली, जशीच्या तशी. आणि पिन लागली. पिशवी उशीच्या अंगाला पक्की टोचलेली होती.

"वहिनी," ती सावकाश म्हणाली, "ही पिन तुम्ही लावलीत?"

"मला आत्ता कळतंय पिशवी कुठे होती ते!"

ही पिन आत्याच्या हाताला पहिल्यांदा लागली ती समुद्र खवळला होता त्या संध्याकाळी. पिना ती बाळगत नाही. म्हणजे आपणच कुठून तरी आणली, आपणच टोचली आणि पार विसरलो. घरी फ्रिजमध्ये सापडलेल्या किल्लीसारखं. कुणाला सांगायची सोय नव्हती. वहिनीला सांगावं तर ती हसली असती, आणि हसली नसती तर त्याहून वाईट. तेव्हापासून आत्या झोपताना त्याच उशीवर डोकं ठेवून मनातल्या मनात पाढे म्हणून बघायची. एकोणतिसाच्या पाढ्याला अडखळली की पुन्हा दोनापासून सुरू करायची. तो पाढा तिला शाळेतही कधी आला नव्हता, हे तिच्या लक्षात यायचं नाही.

अभ्रा रोज बदलतो. पिशवी रोज जागेवर.

आत्या एकदम हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईतो हसली.

"वहिनी, माझं डोकं ठिकाणावर आहे!"

"कोण म्हणतं?" वहिनी म्हणाली.

पण आत्या तोवर पिन काढून, पिशवी वहिनीच्या मांडीवर टाकून दाराबाहेर पडली होती. बोळात खोली आवरणारा माणूस चादरींच्या ढिगाआड उभा होता. पन्नाशीचा, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. रोज उशीवर टॉवेलचा हत्ती बसवून जायचा. जहाजावर सगळ्यांच्या छातीवर नावाची पट्टी. गेले काही दिवस हा एकटा बिनपट्टीचा, म्हणून वहिनीचा त्याच्यावर डोळा होता.

आत्याने तळहात पुढे केला. "ही तुमची?"

त्याने पिनेकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. चोरी पकडली जावी तसं.

"हो, मॅडम."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही एवढ्या मेहनतीने लपवलं होतं. सापडलं म्हणून कसं सांगायचं?"

आत्याला पुष्कळ बोलायचं होतं. ओठांवर आलेले सगळे शब्द परक्या माणसाशी बोलायला फार मोठे होते, नाही तर फारच छोटे.

"तुम्ही काय सांभाळलंत, तुम्हाला ठाऊक नाही," ती म्हणाली.

"बांगड्या ना? हाताला लागल्या होत्या."

"त्यासुद्धा."

त्याला ते कळलं नसावं. पण तो हसला, पिन घेतली, खिशातून मागची कडी तुटलेली नावाची पट्टी काढली आणि छातीवर टोचली. तिरकी बसली. आत्याने पुढे होऊन, भाच्याचा शर्ट नीट करावा तशी ती सरळ केली.

खोलीतून वहिनीची हाक आली, "वन्सं, या आता! पोरगी दिसतेय, हात हलवतेय!"

समुद्र खवळला, टेबलावरचे पेले खाली आले, त्या दुपारी नावाची पट्टी लावली नाही म्हणून मुकादमाने त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं.