मागचा खांदा

लिफ्ट आजही बंद होती, आणि झोहराबीला खाली न्यायचं होतं.

सायसिंग रात्रपाळी करून नुकताच आला होता. समोरच्या फ्लॅटचं दार उघडं होतं. दारात खुर्चीवर म्हातारी झोहराबी बसलेली. पाय इतके सुजले होते की चपलेत जात नव्हते. मुलगा ओवैस तिकडे रिफा शहरात ड्यूटीवर. लिफ्ट बंद म्हणून मागच्या वेळचं डायलिसिस चुकलं होतं. आजचं चुकवू नका, असं हॉस्पिटलवाल्यांनी फोनवर बजावलं होतं. गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी येऊन थांबली होती.

"खुर्चीसकट उचलू," सायसिंग आपल्या मुलीला, सुरतीला म्हणाला.

खुर्ची म्हटल्यावर झोहराबीला काय ते कळलं. "पिछली बार कुर्सी से फिसल गई थी, भाई," ती म्हणाली. एवढं बोलूनच तिला दम लागला.

सुरती घरात गेली. बाल्कनीतून ती कपडे वाळत घालायचा पाइप घेऊन आली. सायसिंगनेच कामावरच्या, मआमीरच्या यार्डातून आणलेला अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा होता तो. दुसऱ्या हातात पलंगावरची जाड चादर.

"झोळी करू, बा."

तो शब्द या घरात कुणी काढत नसे. सुरतीच्या आईला सातपुड्यातल्या पाड्यावरून झोळीत घालूनच खाली आणलं होतं. धडगावच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती. सायसिंग तेव्हा इथे बहरीनमध्ये होता. झोळीला खांदा सुरतीने दिला होता. त्यानंतर त्याने तिला इकडे आणलं. शाळेत जायची, भात टाकायची, विचारलं तर हो किंवा नाही म्हणायची. पोरगी त्या दिवसाबद्दल बोलली नाही. त्यानेही विचारलं नाही.

"झोळी नको," तो म्हणाला.

"मग कशी नेतोस?"

सुरतीने पाइपाला चादरीच्या गाठी मारल्या, पाय लावून ओढून पाहिल्या. झोहराबीला आत घेतलं तेव्हा म्हातारी म्हणाली, "या अल्लाह, शादी में डोली नहीं मिली, अब मिल रही है."

सायसिंग पुढच्या टोकाला गेला.

"पुढे मी," सुरती म्हणाली.

"उतारावर उंच माणूस पुढे असतो. तुला ठाऊक आहे."

ती येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. झोहराबीने झोळीतून मान वर करून दोघांकडे पाहिलं.

"बेटी लंबी है, भाई. आप पीछे जाइए."

सायसिंगने बघितलं. एअरपोर्टवर उतरली तेव्हा ती त्याच्या खांद्याला लागत होती; आता तोच तिच्या कानाला लागत होता. तो मागे गेला.

जिना अरुंद होता. वळणावर पाइप तिरका करावा लागे, तो सुरती न सांगता करत होती. तिचं लक्ष पायऱ्यांवर होतं. मागून सायसिंगला दोन गोष्टी दिसत होत्या. तिची पाठ, आणि झोळीत झोहराबीचा चेहरा. मागच्याला दुसरीकडे बघायला जागाच नसते. मान वळवली तर पाय चुकतो.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. त्या दिवशी झोळी धरणाऱ्यांत सगळ्यात बुटकी सुरती होती. म्हणजे ती मागे होती.

झोहराबी आधी काहीबाही बोलत होती. हळूहळू तिचा आवाज बंद झाला. सुरती मधल्याच पायरीवर थांबली.

"बा, डोळे?"

"मिटलेत."

तिने मागे पाहिलं नाही.

"बोल तिच्याशी," ती म्हणाली. "बोल ना, बा!"

कित्येक महिन्यांत तो कुणाशी धड बोललाच नव्हता. "झोहराबी," तो म्हणाला, "ओ झोहराबी. टॅक्सी खड़ी है. यल्ला, चलो. ओवैस मुझको गाली देगा. उठो, झोहराबी."

म्हातारीने एक डोळा उघडला. "क्या शोर मचा रखा है? रात भर बैठी थी. ज़रा झूला मिला तो आँख लग गई."

सुरतीची पाठ हलली. ती हसली की रडली, मागून कळलं नाही. मग ती पुढची पायरी उतरली.

टॅक्सीत बसल्यावर झोहराबीने सुरतीच्या गालाला हात लावला. "शाम को लिफ्ट न चली तो फिर डोली लाना. इंशाल्ला." टॅक्सी बाब अल बहरीनच्या कमानीकडे वळून गेली.

झोळी आता रिकामी होती. पाइप एकट्यालाही वर नेता आला असता. पण सायसिंगने एक टोक खांद्यावर घेतलं.

"चढावर उलटं," तो म्हणाला. "बुटका पुढे."

सुरतीने मागचं टोक घेतलं. पहिला मजला दोघं चढले.

"आईच्या वेळी मागे तू होतीस," तो समोर बघत म्हणाला.

"हो."

वळणावर तिने पाइप तिरका केला.

"ओढ्यापाशीच कळलं मला," सुरती म्हणाली. "मामा पुढे होता. त्याला सांगितलं नाही."

"का?"

"सांगितलं असतं तर खाली ठेवली असती तिला. तिथेच, दगडांवर." ती थांबली. "मला रस्त्यापर्यंत न्यायची होती."

पाइप मागे ओढला गेला. सुरती पायरीवर उभी होती. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता. सायसिंगने मान वळवली नाही. खांद्यावरचा पाइप फक्त नीट धरला.

"बोलत राहा," तो म्हणाला, आणि तिने पाय उचलायची वाट बघत उभा राहिला.