बाईंचे उस्ताद

बाई गेल्याची बातमी डेपोत पोचली, तसे ड्रायव्हर गाड्या जागेवर सोडून दवाखान्यात आले. चांगले बाप्ये हमसून हमसून रडत होते. बाईंच्या नवऱ्याच्या डोळ्यांत मात्र टिपूस येईना. बायको माझी, आणि रडायला ही फौज पुढे, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत राहिलं.

तोही ड्रायव्हरच, पण दुसऱ्या कंपनीत. बाई डेपोत माल भरायला शिकवायच्या, तेही खेळ खेळून. लाकडी ट्रक, साबणाच्या वड्या, सुतळी.

आठवड्याने तो तिचं सामान न्यायला गेला. वर्गात खेळ चालूच होता. एकाने वड्या रचल्या, दुसऱ्याने ट्रकखालची फळी तिरकी केली. वड्या घसरून खाली आल्या.

"गेलास खड्ड्यात," तिसरा म्हणाला. "उस्तादांनी बघितलं असतं तर कान पिळला असता."

"कोण उस्ताद?" नवऱ्याने विचारलं.

"बाईंचे उस्ताद. आम्ही पाहिलेले नाहीत. पण वर्गात रोज त्यांचंच कौतुक. त्यांनी भरलेली गाडी कशी, त्यांची गाठ कशी."

घरी तिने या माणसाचं नावही काढलं नव्हतं. नवऱ्याचं कौतुक तर सत्तावीस वर्षांत एकदाही नाही.

"मोठा शहाणा दिसतोय तुमचा उस्ताद," तो म्हणाला. "कधी चुकला नसेल."

"चुकले की, एकदा. उतरवायला सोपं म्हणून जड मशीन पार मागे, फाळक्याशी ठेवलं. चढावर पुढची चाकं उचलली. स्टिअरिंग फिरवतायत आणि गाडी ऐकेना. बाई म्हणायच्या, एवढा मोठा माणूस चुकतो, तर तुम्ही कोण?"

चाकं उचलली त्या दिवशी गाडीत नवरा एकटाच होता. मालकाला त्याने पत्ता लागू दिला नव्हता. घरी येऊन फक्त बायकोला सांगितलं होतं.

तो बाकावर बसला.

"दोरी बांधायचा धडा उस्ताद स्वतः देणार होते," ड्रायव्हर सांगत होता. "कधी येणार विचारलं, की बाई हसायच्या. येतील म्हणायच्या, जरा रुसलेत. तुमच्या ओळखीतले आहेत का हो?"

त्याने टेबलावरची सुतळी उचलली. गाठ मारायला घेतली, पण समोरचं काही दिसेना.

तो धडा अजून झालेला नाही.