निळा मासा

“हा निळा डॅमसेल मासा दिसायला देखणा आहे, पण टाकीत दुसऱ्याला जगू देत नाही,” दुकानदाराने बजावलं. “तुमच्याकडे नारिंगी जोडी आहे ना? मग हा गोबी मासा न्या. स्वभावाने शांत असतो.”

गोबी मातकट रंगाचा होता. हेरंबने निळाच घेतला. अपघातात मानेखालचं शरीर लुळं पडल्यापासून मृणालने, त्याच्या बायकोने, पहिल्यांदाच काही मागितलं होतं: टाकीत आणखी एक रंगीत मासा. पलंगासमोरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, प्रवाळांमधून तो निळा मासा सुळकन फिरला, तेव्हा ती चक्क हसली.

दुसऱ्या दिवशी हेरंब ऑफिसातून आला, तर नारिंगी जोडी तळाशी मरून पडली होती. मृणालचा आवाज पार बसला होता.

“बाई मला जेवण भरवून गेल्या आणि सुरू झालं. मी ओरडत होते. डोळे मिटायचे, पण जिवंत आहेत का ते बघायला पुन्हा उघडायचे.”

हेरंबने जाळी घातली. निळा मासा प्रवाळांच्या फटीत शिरला, काही केल्या सापडेना.

“राहू दे. मला भिंतीकडे वळव.”

त्याने तिला कुशीवर वळवलं, पाठीशी उशी लावली.

“उद्या दुसरे आणू?”

“नको. भिंतच बरी.”